आधी नोंद, मग नाव: मानसोपचार वॉर्डातल्या पहिल्या पोस्टिंगची तयारी

मानसोपचाराच्या पोस्टिंगला जाण्यापूर्वी बहुतेक नर्सिंगचे विद्यार्थी एक काम हमखास करतात: संज्ञांची यादी पाठ करतात. परीक्षेपुरतं ते ठीक. वॉर्डात मात्र हीच यादी आडवी येते. पेशंट स्वतःशी पुटपुटताना दिसला की वहीत ताबडतोब ‘हॅलुसिनेशन्स प्रेझेंट’, म्हणजे भास होतात, असं पडतं. तो काय पुटपुटत होता, कुणाकडे बघत होता, की बिचारा नुसती रामरक्षा म्हणत होता, याचा पत्ता नाही. या लेखात संज्ञा आहेतच, पण ज्या क्रमाने त्या कामाला लागतात त्या क्रमाने. आणि आग्रह एकच: जे दिसलं, जे ऐकलं ते आधी लिहा, नाव नंतर लावा.

उदाहरणं गोव्यातली घेतली आहेत. बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे तिथल्या सरकारी मनोरुग्णालयात, पेडण्यापासून काणकोणपर्यंतची माणसं येतात. कुणी मराठीत सांगतं, कुणी कोंकणीत ‘म्हाका न्हीद येना’ (मला झोप येत नाही) म्हणतं, कुणी कर्नाटकातून कामाला आलेला असतो आणि मोडक्या हिंदीत बोलतो. म्हणून पेशंटचे शब्द त्याच्याच भाषेत टिपण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पायरी १: वॉर्डात शिरण्याआधी

फाईल हातात आली की पहिल्या पानावरचा कोड दिसतो. आयसीडी-१०, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३१ बायपोलर, एफ ३२ डिप्रेशनचा एपिसोड, एफ १० म्हणजे दारूमुळे झालेले विकार. कोड माहीत असावा, पण माझा सल्ला असा की पहिल्या भेटीपूर्वी त्यात फार डोकं घालू नका. ‘एफ २०’ वाचून गेलेल्या मुलीला समोरच्या माणसाचं प्रत्येक हसणं विचित्र वाटतं. त्याऐवजी तीन गोष्टी नीट वाचा: कालच्या नाइट ड्यूटीची नर्सिंग नोट, चालू औषधं आणि ॲडमिशनचा प्रकार.

ॲडमिशनचा प्रकार म्हणजे काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मंजूर झाला आणि मे २०१८ पासून लागू आहे. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेला पेशंट कलम ८६ खाली ‘इंडिपेंडंट’ असतो. ज्याला निर्णयासाठी बऱ्यापैकी आधाराची गरज आहे आणि ज्याच्या जिवाला, इतरांना किंवा स्वतःची काळजी घेण्याला धोका आहे, त्याला नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हच्या, म्हणजे त्याच्या नेमलेल्या प्रतिनिधीच्या, अर्जावर कलम ८९ खाली जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. त्यापुढे कलम ९०. हे तुमच्या कामाशी थेट जोडलेलं आहे: ८६ वाला ‘मला घरी जायचंय’ म्हणाला, तर ती नोंद वेळेसकट लिहून डॉक्टरांना कळवायची असते. त्याला ‘बघू नंतर’ म्हणून परत बेडवर बसवणं हा अधिकार नर्सला नाही.

बाकी तयारी झटपट. गळ्यात अडकवलेली ओळखपत्राची दोरी, केसातल्या मोठ्या पिना, काचेची बाटली, चार्जरची वायर, कात्री यातलं काहीही आत नेऊ नका. बोलायला बसताना दार तुमच्या जवळ आणि मोकळं राहील अशी जागा घ्या.

पायरी २: पहिली पाच मिनिटं

हिल्डगार्ड पेप्लाउ या अमेरिकन नर्सने १९५२ मध्ये मांडलं की मानसोपचारात नर्स आणि पेशंट यांच्यातलं नातं हेच उपचाराचं साधन असतं. आजच्या अभ्यासक्रमात या नात्याचे टप्पे असे शिकवतात: प्री-इंटरॲक्शन, म्हणजे तुम्ही एकट्याने केलेली तयारी, ओरिएंटेशन, म्हणजे ओळख, वर्किंग, म्हणजे प्रत्यक्ष काम, आणि टर्मिनेशन, म्हणजे निरोप. यातला निरोप पहिल्याच दिवशी सांगायचा असतो, आणि नेमकं तेच राहून जातं. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पोस्टिंग संपते, मुली गायब होतात आणि जिने मोठ्या मुश्किलीने बोलायला सुरुवात केलेली असते ती मावशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपते.

म्हणून सुरुवात अशी करा: ‘मावशी, मी नर्सिंगची विद्यार्थिनी. या महिन्याच्या शेवटपर्यंत रोज सकाळी येईन. आज वीसेक मिनिटं बोलू. तुम्ही सांगाल ते मी बाहेर बोलणार नाही, पण तुमच्या जिवाला धोका वाटला तर सिस्टरना आणि डॉक्टरांना सांगावंच लागेल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. गुप्ततेची मर्यादा आधी सांगितली तर नंतर विश्वासघात वाटत नाही.

गुप्ततेचा मुद्दा गोव्यात जरा जास्तच कडक पाळायला हवा. राज्य लहान. कदंब बसमध्ये मागच्या सीटवर पेशंटची नणंद बसलेली असू शकते. नाव न घेताही ‘डिचोलीची ती शिक्षिका’ एवढं पुरतं.

पायरी ३: बोलणं, आणि बोलणं लिहिणं

थेरप्युटिक कम्युनिकेशन म्हणजे गोड बोलणं नव्हे. समोरच्याला आपलं म्हणणं पुढे न्यायला जागा मिळेल असं बोलणं. दोघांमधलं बोलणं तुम्ही नंतर शब्दशः लिहून काढायचं तंत्र म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग: पेशंट काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं, आणि हे कोणतं तंत्र होतं. पेशंटसमोर वही उघडून लिहीत बसू नका. भेट संपली की लगेच, चहाला जाण्याआधी लिहा.

एक तुकडा पाहू. प्रसंग रचलेला आहे, पण अशी वाक्यं वॉर्डात रोज ऐकू येतात.

‘सिस्टर, टीव्हीवरची ती बाई माझ्याबद्दल बोलते.’

‘तसं काही नसतं हो मावशी, बातम्या सांगते ती.’

इथे संवाद संपला. मावशींना कळलं की हिलाही पटत नाही. आता दुसऱ्या प्रकारे:

‘ती काय म्हणते तुमच्याबद्दल?’

‘माझ्या घरची सगळी भानगड सांगते. सगळ्या गोव्याला.’

‘ते ऐकून काय होतं तुम्हाला?’

‘भीती वाटते. पोरं बाहेर कशी पडणार?’

‘भीती वाटणारच. मला मात्र ती पावसाच्या बातम्या देताना ऐकू आली. आपण जरा व्हरांड्यात बसूया का?’

या तुकड्यात चार तंत्रं आहेत. ‘काय म्हणते’ हा ओपन-एंडेड प्रश्न. ‘काय होतं तुम्हाला’ म्हणजे भावनेकडे वळणं. ‘भीती वाटणारच’ म्हणजे व्हॅलिडेशन, भावना मान्य करणं, आणि ते भीतीचं आहे, समजुतीचं नाही. ‘मला मात्र’ म्हणजे प्रेझेंटिंग रिॲलिटी, वाद न घालता आपला अनुभव सांगणं. जे टाळायचं तेही आपल्या तोंडात अगदी बसलेलं असतं: ‘काही होत नाही’, ‘मन खंबीर करा’, ‘असं का करता?’ पहिलं फॉल्स रिअश्युरन्स, म्हणजे खोटा दिलासा, दुसरं फुकटचा सल्ला, तिसऱ्या ‘का’मुळे माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. आणि गप्प बसणं हेही तंत्रच आहे. आपल्याकडे शांतता पडली की लगेच ‘जेवलात का?’ विचारतात, तो मोह आवरा.

पेशंट तुमच्यावर विनाकारण चिडला, कारण तुम्ही त्याला त्याच्या मोठ्या बहिणीसारख्या वाटता, तर ते ट्रान्सफरन्स. आणि दारू पिणाऱ्या पेशंटचा तुम्हाला पहिल्याच क्षणी राग आला, कारण घरात कुणीतरी तसं होतं, तर ते काउंटर-ट्रान्सफरन्स. दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते नोट्समध्ये ‘अनकोऑपरेटिव्ह’ असा शब्द घालून निघून जातं.

पायरी ४: मेंटल स्टेटस एक्झामिनेशन

हा सगळ्यात मोठा भाग, आणि घाई सगळ्यात जास्त इथेच होते. क्रम सोपा आहे: दिसणं आणि वागणं, बोलणं, मूड आणि अफेक्ट, विचार, संवेदना, बौद्धिक क्षमता, निर्णयशक्ती, इनसाइट.

मूड म्हणजे पेशंट स्वतः जे सांगतो ते. ते अवतरणचिन्हात, त्याच्या शब्दांत लिहा: ‘म्हाका बरें दिसना’ (मला बरं वाटत नाही). अफेक्ट म्हणजे तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात जे दिसतं ते. मूड ‘मजेत आहे’ आणि चेहरा मात्र अर्धा तास एकसारखा, सपाट, तर ते फ्लॅट अफेक्ट. भावाच्या मृत्यूबद्दल सांगताना हसू येत असेल तर इनकाँग्रुअंट. पण एक तपासून घ्या: औषधामुळेही चेहरा दगडी होतो. त्याबद्दल पुढे येईलच.

विचारात दोन गोष्टी वेगळ्या पाहायच्या. विचार कसा वाहतो आणि विचारात काय आहे. प्रश्न विचारला म्हापशाच्या बाजाराचा, उत्तर चवथीच्या माटोळीवरून नारळाच्या भावावर, तिथून मुलाच्या लग्नावर गेलं, पण शेवटी बाजाराला आलं, तर ते सर्कमस्टॅन्शियल. परत आलंच नाही तर टॅन्जेन्शियल. वाक्यांचा एकमेकांशी धागाच नाही तर लूझनिंग ऑफ असोसिएशन्स. मॅनियात, म्हणजे बायपोलरमधल्या अतिउत्साहाच्या अवस्थेत, विचार इतके भरभर येतात की यमक, शब्दखेळ यांवर उड्या मारत जातात, ते फ्लाइट ऑफ आयडियाज. (आजोबांपैकी निम्मे सर्कमस्टॅन्शियल बोलतात. त्यावरून निदान होत नाही.)

विचारात काय आहे, यातली मोठी संज्ञा डिल्युजन: पुरावा देऊनही न हलणारी खोटी समजूत, जी त्या माणसाच्या संस्कृतीत आणि शिक्षणात बसत नाही. वरच्या मावशींचं टीव्हीबद्दलचं म्हणणं म्हणजे डिल्युजन ऑफ रेफरन्स. टीव्ही खरा चालू आहे, आवाजही खरा आहे, त्याचा अर्थ तेवढा स्वतःवर ओढला गेला आहे. टीव्ही बंद असताना, खोलीत कुणी नसताना स्पष्ट आवाज आला तर ते हॅलुसिनेशन. आणि जुलैत रात्रभर पत्र्यावर पाऊस कोसळतोय, त्या आवाजात कुणी आपलं नाव घेतंय असं वाटलं तर ते इल्युजन, कारण बाहेर खरा आवाज होता. हे तिन्ही ओळखताना पहिला प्रश्न हाच: त्या क्षणी बाहेर खरंच काही होतं का? म्हणूनच नोंदीत ‘टीव्ही चालू होता’ हे तीन शब्द लागतात. ते नसतील तर पुढच्या शिफ्टला काहीच ठरवता येत नाही.

हॅलुसिनेशनची शंका असेल तर आणखी एक विचारायचंच: आवाज काही करायला सांगतात का? त्याला कमांड हॅलुसिनेशन म्हणतात. उत्तर ‘हो’ असेल तर नोट लिहायला बसण्याआधी इन्चार्ज सिस्टरना सांगा.

आता संस्कृतीचा मुद्दा. साळची गड्यांची जत्रा ज्याने पाहिली आहे त्याला भार येणं, म्हणजे अंगात येणं, काय असतं ते सांगावं लागत नाही. ठरलेल्या दिवशी, देवळाच्या रीतीत, गावाच्या संमतीने भार येतो आणि उतरला की माणूस आपल्या कामाला लागतो. ही आजाराची खूण नव्हे. तीच बाई घरात, जत्रा-पालखी काही नसताना, आठवड्यातून चारदा अंगात आल्यासारखी वागू लागली, जेवणखाण सुटलं, घरच्यांना ते देवीचं वाटेनासं झालं, तर चित्र बदललं. घरच्यांना सरळ विचारा: ‘तुमच्या गावात असं होतं का? हे तसंच आहे का?’ ती माणसं हा फरक फार अचूक सांगतात. कौल घेतला, दिश्ट काढली हेही लिहून ठेवा, तुच्छतेने नव्हे, तर आजार कधीपासून आणि घरच्यांनी काय काय केलं याचा तो इतिहास आहे म्हणून. देवळात जायला कुणी मनाई करत नाही. गोळी बंद करू नका एवढंच सांगायचं.

इनसाइट म्हणजे ‘मला आजार आहे’ याची जाण. पूर्ण नकारापासून खऱ्या भावनिक जाणिवेपर्यंत तिच्या सहा पायऱ्या मानतात. ‘इनसाइट ॲबसेंट’ असं लिहून मोकळं होऊ नका. ‘मला झोपेची गोळी हवी, बाकी मी ठणठणीत’ हे वाक्य लिहा. त्या वाक्यात उपचाराला एक फट आहे.

पायरी ५: धोका मोजणं

आत्महत्येबद्दल विचारलं तर माणसाच्या डोक्यात तो विचार येईल, ही भीती अनाठायी आहे. विचारल्याने बहुतेकांना हलकं वाटतं. आडवळणाने ‘असं काही नाही ना?’ विचाराल तर ‘नाही’ हेच उत्तर मिळतं. सरळ विचारा: ‘जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार आलाय का?’ मग क्रमाने: विचार किती वेळा, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झालाय का, आणि कशामुळे थांबलात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रोटेक्टिव्ह फॅक्टर असतं. ‘धाकट्या मुलीची दहावी आहे’ हे जसंच्या तसं लिहा.

धोका जास्त असेल तर वन-टू-वन ऑब्झर्वेशन: पेशंट सतत नजरेच्या टप्प्यात, बाथरूमलाही. या काळात मोबाइल बघत बसणारी नर्स म्हणजे ऑब्झर्वेशन नव्हे. गंभीर डिप्रेशनमध्ये उपचार सुरू झाल्यावर अंगात ताकद आधी येते, मन नंतर सावरतं, त्यामुळे सुधारणेच्या सुरुवातीला जास्त जपायचं. त्याच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो, म्हणून जबाब घेतल्यासारखी चौकशी करू नका.

आरोग्य केंद्रात डिप्रेशनची चाळणी करायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० पासून मध्यम, २० पासून गंभीर. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा असतो. एकूण गुण कितीही कमी असले तरी नवव्याला ० पेक्षा जास्त आलं की थांबायचं आणि वरचे सगळे प्रश्न विचारायचे. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने इथल्या आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून डिप्रेशनच्या पेशंटच्या समुपदेशनाचं काम करून घेतलं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासाची दखल जगभर घेतली गेली. तेव्हा ‘हे तज्ज्ञांचं काम, आमचं नाही’ असं नर्सने म्हणू नये.

पायरी ६: औषधं

गोळी तोंडात गेली म्हणजे पोटात गेली असं नाही. गालात ठेवून नंतर थुंकतात, त्याला चीकिंग म्हणतात. पाणी प्यायला द्या, दोन शब्द बोलायला लावा, पण झडती घेतल्यासारखं नको.

हॅलोपेरिडॉलसारख्या अँटिसायकोटिक औषधांचे दुष्परिणाम नर्सलाच आधी दिसतात. तरुण मुलगा, इंजेक्शनला काही तास किंवा एखाद-दोन दिवस झालेत, मान एका बाजूला वळली, डोळे वर चढले, जीभ जड: ही अक्यूट डिस्टोनिया. आई म्हणते, ‘याला काहीतरी लागलं.’ डॉक्टरांना लगेच बोलवा. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने सहसा थोड्याच वेळात सुटतं. अकाथिसिया जास्त फसवी. पेशंट बसू शकत नाही, उभा राहिला की पाय हलवत राहतो, कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालतो. नोट पडते ‘ॲजिटेटेड’, एसओएस (गरज पडल्यास द्यायचा डोस) म्हणून आणखी हॅलोपेरिडॉल दिलं जातं, आणि त्रास वाढतो. म्हणून विचारा: ‘अस्वस्थ मनात वाटतंय की पायात?’ चालणं संथ, हात थरथरतात, चेहरा दगडी, तर पार्किन्सनिझम. वर अफेक्टबद्दल बोललो ते हेच. महिन्या-वर्षांनी तोंडाची चावल्यासारखी हालचाल सुरू झाली तर टार्डिव्ह डिस्किनेसिया. आणि ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम, बीपीचे चढउतार, गोंधळ हे एकत्र दिसले तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची शंका: पुढचा डोस थांबवा, डॉक्टरांना तात्काळ बोलवा.

बायपोलरसाठी देतात त्या लिथियमला गोव्याचा एप्रिल-मे मानवत नाही. घाम, जुलाब, उलट्या, पाणी कमी, किंवा बीपीसाठी अचानक मीठ बंद केलं की रक्तातलं प्रमाण चढतं. पातळी साधारण ०.६ ते १.२ एमइक्यू/लिटर राहायला हवी, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात: हात जोरात थरथरणं, तोल जाणं, अडखळतं बोलणं, गुंगी. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं, त्यामुळे सकाळचा डोस नमुना घेतल्यावरच. अंगदुखीला परस्पर आयब्युप्रोफेन घेऊ नका हे घरच्यांना सांगा. क्लोझापिन या अँटिसायकोटिकवर असलेल्या पेशंटला ताप आणि घसादुखी आली तर ती साधी सर्दी समजू नका; पांढऱ्या पेशी तपासायला हव्यात. त्याचं पोट साफ होतंय का हेही रोज विचारा.

पायरी ७: दारू, आणि सर्जिकल वॉर्डातला तिसरा दिवस

ही पायरी मानसोपचारापेक्षा जनरल वॉर्डात जास्त उपयोगी पडेल. पाय मोडून आलेले काका. पहिला दिवस बरा. मग हात थरथरतात, घाम, मळमळ, झोप नाही. सगळे म्हणतात दुखण्यामुळे. तिसऱ्या रात्री ते चादरीवरचे नसलेले किडे झटकतात, सलाइन ओढून काढतात, मुलाला ओळखत नाहीत. ही डिलिरियम ट्रेमेन्स, शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ९६ तासांत येणारी, जिवावर बेतू शकणारी अवस्था. फिट त्याआधीही येऊ शकते. दाखल करताना ‘दारू घेता का?’ विचारलं तर ‘कधीतरी’ हे उत्तर ठरलेलं. ‘रोज किती, शेवटची कधी?’ असं विचारा, आणि उर्राकच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत तर विचाराच. ग्लुकोज लावण्याआधी थायामिनबद्दल (बी-१ जीवनसत्त्व) डॉक्टरांना आठवण करा, नाहीतर वेर्निक एन्सेफॅलोपथीचा धोका: गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं.

पायरी ८: कुणी खवळलं तर

डी-एस्कलेशन म्हणजे आवाज खाली, अंतर दोन हात, एकाच नर्सने बोलायचं, बाकीच्यांनी गर्दी हटवायची. पर्याय दोनच द्या: ‘गोळी आता घेता की पाणी पिऊन दहा मिनिटांनी?’ बांधून ठेवणं, म्हणजे फिजिकल रिस्ट्रेंट, कलम ९७ प्रमाणे तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. कारण आणि वेळ लिहायची, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून बांधता येत नाही. एकांत कोठडी आणि साखळी यांना कायद्यात जागाच नाही. बांधलेल्या पेशंटची बोटं गार-निळी पडतात का, पाणी, लघवी हे सतत बघा. आणि सुटल्यावर त्याच्याशी बोला: काय झालं होतं, पुढच्या वेळी आम्ही आधी काय करावं? बहुतेकांकडे उत्तर असतं.

पायरी ९: घरी पाठवताना

डिस्चार्जच्या दिवशी घरचे घाईत असतात, गाडी बाहेर उभी असते. म्हणून हे बोलणं दोन दिवस आधी करा. रिलॅप्सची पहिली खूण प्रत्येकाची वेगळी असते. मागच्या वेळी आजार परत आला तेव्हा सगळ्यात आधी काय बदललं ते घरच्यांकडून काढून घ्या. ‘दोन रात्री झोपला नाही आणि पहाटे अंगण झाडायला लागला’ हे ‘मॅनियाची लक्षणं दिसल्यास’ या छापील ओळीपेक्षा शंभरपट उपयोगी. गोळ्या आणि शेतीची औषधं कुलपात, चावी एका ठरलेल्या माणसाकडे. घरात सतत टोमणे, चिडचिड, किंवा उलट अतिकाळजी असेल तर त्याला हाय एक्स्प्रेस्ड इमोशन म्हणतात आणि त्यात आजार लवकर उलटतो. घरच्यांना दोष न देता हे सांगता येतं: ‘तुम्ही दमलाय, दिवसाचा थोडा वेळ त्याला आणि स्वतःला मोकळं सोडा.’

कागदावर मोठ्या अक्षरांत चार गोष्टी लिहून द्या: पुढची तारीख, गोळ्यांच्या वेळा, कोणत्या खुणेला थांबायचं नाही, आणि रात्री-अपरात्री फोन करायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, जो चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. कागद वाचून दाखवा आणि मग घरच्यांनाच तो परत सांगायला लावा. सत्तरीहून किंवा काणकोणहून यायचं असेल तर तारीख ठरवण्याआधी एवढं विचारा: त्या दिवशी सोबत कोण येणार, आणि सकाळची बस मिळते का?